खाडीची कड आणि जावयाची ताटली

तर ताटली पाण्यात दिसेनाशी झाली आणि आमचे जावई मोठ्यांदा म्हणाले, "सात!"

काल इथवर आलो होतो आणि नेमका कुणाचा तरी फोन वाजला. असो. सात म्हणजे सुतळीला मारलेल्या सात गाठी. एक पांढरी एनॅमलची ताटली, तिला तीन भोकं, भोकांतून ओवलेली सुतळी आणि सुतळीला वीत-वीत अंतरावर गाठी. पंचेचाळिशीचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला संसारी माणूस खाडीच्या पलीकडच्या काठावर दगडावर उकिडवा बसतो, ताटली पाण्यात सोडतो, ती कुठल्या गाठीला दिसेनाशी होते ते मोजतो आणि वहीत टिपून ठेवतो. मी मागे खडकाआड. माझ्या मनात एकच वाक्य घुमत होतं: कुठंतरी पाणी मुरतंय.

आमच्या गावात एक जण होता, तो रोज दुसऱ्याच्या विहिरीत दोरी सोडून खोली मोजायचा. सगळे म्हणायचे, छंद आहे बिचाऱ्याला. एके सकाळी विहीर जागेवर होती, तिच्यातला पंप मात्र नव्हता. तेव्हापासून पाण्यात दोरी सोडणारा माणूस दिसला की मी थांबतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. हे जावई म्हणजे आमच्या थोरलीचे यजमान. काम दात बनवण्याचं. डॉक्टर नव्हेत बरं का. डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि यांच्याकडे पाठवतात, दात हे घडवतात. एका गल्लीत मागच्या बाजूला दोन टेबलांची खोली, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि पावाच्या डब्याएवढी भट्टी. शहरातलं निम्मं हसू यांच्या हातचं, पण एकाही तोंडाशी ओळख नाही. बोलणं तर विचारूच नका. सोळा वर्षांत माझ्याशी सोळा वाक्यं बोलले असतील, त्यातली चार "पंखा लावू का?" ही. आणि कमी बोलणाऱ्या माणसावर माझा मुळातच विश्वास नाही. बोलका माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान कळतं तरी.

थोरली लाँचच्या धक्क्यावर तिकीट खिडकीत बसते. गुरुवारी ती खिडकी बंद करून तडक आमच्याकडे आली. हातात मोठी बॅग.

"किती दिवस आहेस?" तिच्या आईने विचारलं.

"कायमची आलेय असं समज."

आमची ही हातातली भाजी तशीच टाकून उठली. मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. जावई सुट्टीच्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत कंप्युटरवर विमान-विमान खेळतात, हे तिला ठाऊक होतं. पण मागच्या सुट्टीला ती चहा घेऊन दारापर्यंत गेली, तर हे फोनवर. न बोलणारा माणूस, आणि घडाघडा बोलत होता! थोरलीने शब्द न् शब्द पाठ केला होता:

"ती सकाळी सावळी असते, ऊन वर आलं की हिरवट दिसते. आपण तिला फार गोरी केली... छे, तिची कड अजून डोळ्यांना बोचते. मी शनिवारी तिला जवळून बघून येतो. पलीकडे जागा आहे, धक्क्यावरून दिसत नाही. तेच बरं."

चहा तिने बेसिनमध्ये ओतला.

"सावळी आणि हिरवट?" मी म्हणालो. "हिरवी बाई कशी असेल?"

"साडी असेल हो हिरवी!" ही माझ्यावर उखडली. "तुम्ही जाऊन बघा. नुसतं बघा, बोलू नका. आणि खोकू नका."

म्हणून मी खडकाआड होतो. बाईचा पत्ता नव्हता. ताटली वर आली, आणि मग जावयांनी पिशवीतून जे काढलं ते पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. दात! हातपंख्यासारखी एक पट्टी, तिच्यावर ओळीने पंधरा-सोळा दात, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. ती पट्टी त्यांनी हात लांब करून समुद्रासमोर धरली. एक डोळा मिटला. लाट फुटली, फेस वर आला, तसा त्यांनी एक दात बोटाने पुढे सरकवला आणि लिहिलं. मला खात्रीच पटली: हे करणी-भानामतीचं काम आहे. आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला.

"बाबा?" ते दचकून उठले. "तुम्ही इथे? पाय जपून टाका, शेवाळ आहे."

"शेवाळाचं राहू द्या, जावईबापू. हे काय चाललंय?"

"पाणी बघतोय."

"का, घरी नळाला येत नाही?"

"तसं नाही. हे विमानासाठी."

"कुणाच्या विमानासाठी?"

"माझ्या."

म्हणजे बघा. दात बनवणारा माणूस, आणि याचं विमान! मी तिथेच कमरेवर हात ठेवून म्हणालो, "जावईबापू, माझी पोर बॅग भरून माझ्या दारात बसलीय. तिला वाटतं तुमचं बाहेर काहीतरी आहे. आता मला एक सांगा, ही 'ती' कोण?"

त्यांचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला. दातांची पट्टी मिटून पिशवीत टाकली आणि म्हणाले, "घरी या. तिला घेऊन या. दाखवतो. मला सांगता येणार नाही."

'सांगता येणार नाही' हे वाक्य मी जन्मभर फक्त अपराध्यांकडून ऐकलंय.

रविवारी सकाळी थोरलीला घेऊन गेलो. ती म्हणाली होती, "उरलेले कपडे घ्यायला येते फक्त." रिकामी पिशवी तिने मागच्या खोलीच्या उंबऱ्यातच ठेवली. आत टेबल, मोठा पडदा, टेबलाला शिकंज्याने आवळलेला विमानाचा दांडा, आणि बसायला कुठल्याशा दवाखान्यातून टाकून दिलेली दातांच्या पेशंटची खुर्ची. बसलं की आपोआप तोंड उघडतं.

जावयांनी आधी विमानाच्या खेळातलं जुनं चित्र लावलं. आपलंच गाव वरून. घरं झकास, रस्ते झकास, आणि समुद्र म्हणजे कुणीतरी निळं प्लास्टिक अंथरून कात्रीने कापलेलं. शाळेत आमचे मास्तर नकाशाच्या कडेला निळ्या खडूने तिरप्या रेघा मारायचे आणि म्हणायचे, हा समुद्र. तसाच.

"विमान खाली आलं की हे दिसतं," जावई म्हणाले. "जमीन संपते, पाणी सुरू होतं. मध्ये काहीच नाही. खरं तसं नसतं."

मग त्यांनी स्वतः केलेलं दुसरं चित्र, पाणी कुठे नि किती ते खेळाला सांगणारं. नुसतं काळं-पांढरं. काळं तिथे पाणी अजिबात नाही, पांढरं तिथे पुरतं पाणी, आणि मधे जे करडं असतं तिथे पाण्यातून तळाची वाळू दिसते. कारागिरी सगळी त्या करड्यात. जिथे खडक सरळ खाली उतरतो तिथे करडी कड बोटभर, जिथे वाळू पसरट तिथे ती रुंद. पाण्यात नजर किती खोल जाते ते कळावं, म्हणून ताटली सोडायची आणि गाठी मोजायच्या.

"आणि दात?" मी विचारलं.

"फेस पांढरा नसतो, बाबा. ओली वाळू वेगळी, सुकी वेगळी. माझ्याकडे रंग जुळवायला दातांच्या छटांची ही पट्टी तेवढी आहे." मग म्हणाले, "दातही तसाच असतो. मुळाशी पिवळट, आणि कडेला काचेसारखा, आरपार. लोक सगळा एकाच रंगाचा करतात, म्हणून तो खोटा दिसतो."

एका दमात एवढं बोलले! माझा संशय दुप्पट झाला. उत्तरं फार बिनचूक बसत होती, आणि बिनचूक बसणारे दात नेहमी बनवलेलेच असतात.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. थोरलीने बापाकडे पाहिलं. मी जावयांच्या आधी झडप घातली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं.

"काय रे, आज कशी आहे ती?" पलीकडून घोगरा, म्हातारा, पुरुषी आवाज.

एकाच बाईच्या मागे दोघे! "कोण ती?" मी ओरडलो.

"कोण म्हणजे? खाडी! तुम्ही कोण बोलताय?"

"मी सासरा!"

"खाडीचा?"

थोरलीला हसू फुटलं, पण तिने ते दाबलं. तो निघाला निवृत्त बस ड्रायव्हर. दुसऱ्या गावात राहतो, संगणकावर धक्के आणि गोदामं उभी करतो, पाणी मात्र जावयांकडे सोपवलेलं. "धक्क्यावरून दिसत नाही, तेच बरं" याचा अर्थ काय, असं मी त्याला दरडावून विचारलं. तो म्हणाला, "अहो, लाँच आल्या-गेल्या की पाणी ढवळतं. आडोशाला शांत सापडतं." मी फोन ठेवला. ती खाडी, ती कड, ती लाट, ती वाळू. आपल्या भाषेत एक समुद्र आणि त्याचा किनारा तेवढे बुवा, बाकी सगळं घर बायकांचं. दाराआडून ऐकणाऱ्याने करायचं काय?

तरी माझं समाधान झालं नव्हतं, आणि थोरलीचं तर नाहीच. तिने पदर खोचला आणि त्या पेशंटच्या खुर्चीत बसली.

"चालवा."

"तूच धर दांडा. हळू. डावीकडे."

विमान वळलं. खाली नवं पाणी आलं. आता खरं सांगतो, मी टेबलाची कड घट्ट धरली. पाणी काठाला पातळ होत होत वाळूत विरत होतं, खडकापाशी एकदम काळं पडत होतं. धक्का आला. तिकीट खिडकीचं पत्र्याचं छप्परसुद्धा आलं. थोरली पुढे वाकली. मला वाटलं, विरघळली पोरगी.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"इथे कड मऊ नसते. ओहोटी लागली की नदीचं मातकट पाणी धक्क्याच्या या अंगाने बाहेर येतं. एका बाजूला चहासारखं, दुसऱ्या बाजूला हिरवं, आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. तुम्ही सगळंच पुसून गुळगुळीत केलंत."

"रेघ?" जावई वही शोधायला लागले. "कधी दिसते?"

"ओहोटी लागल्यावर तासाभराने. रोज."

"रोज? किती वेळ टिकते? कुठून सुरू—"

"थांबा." तिने दांडा सोडला. विमान आपलं आपण धक्क्यावरून पुढे निघालं, कुणाचं लक्ष नव्हतं. ती खुर्चीतच वळली. हसू पार गेलं होतं. "तिकिटं फाडते तेव्हा रोज आठ तास तेच पाणी माझ्या डोळ्यांसमोर असतं. तुम्ही ताटल्या सोडल्यात, दात धरलेत, परगावच्या ड्रायव्हरला विचारलंत. घरात मी होते. मला एकदा तरी विचारलंत? याचं खरं उत्तर द्या. मग ती पिशवी भरायची का नाही ते मी ठरवते."

मी जावयांच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो. खोटं बोलणार असले तर इथेच पकडीन, असा बेत होता. त्यांनी वही मिटली, पेन्सिल तिच्यावर आडवी ठेवली, आणि थोरलीला म्हणाले:

"विचारलं होतं. गेल्या वर्षी, जेवताना. म्हणालो, मला पाणी काही नीट जमत नाहीये, तू जरा पाण्याचं बघतेस का? तू उठलीस, पेला भरून माझ्यापुढे ठेवलास. मग मी तो प्यायलो."