आडव्या सायकलचा वाकडा हँगर

माझ्या थोरल्या दिरांना सगळी बिल्डिंग ‘आडवे काका’ म्हणते. तीस वर्षं ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते, लोकांच्या तराजूंत खोट काढायचे. निवृत्त झाले आणि पाठीनंच त्यांच्यात खोट काढली. डॉक्टरांनी साधी सायकल बंद केली, म्हणून ही पहुडून चालवायची सायकल आली. तिच्यावर रेलून, पाय पुढे करून भावोजी निघाले की रस्त्याची तपासणी करायला निघाल्यासारखे दिसतात.

सायकल इतकी लांब, की लिफ्टमध्ये उभी करूनच न्यावी लागते. मंगळवारी ती तशीच भिंतीला टेकवून भावोजी शेजाऱ्यांना लिफ्टवर लिहिलेलं वजन कसं चुकीचं आहे ते समजावत होते. तेवढ्यात ती गिअरच्या बाजूवर आपटली. मागचा गिअर ज्या बोटभर पट्टीला लटकतो, तो हँगर आत वाकला.

हँगर ॲल्युमिनियमचा. चारदोनदा वाकवला की तुटायचा, आणि ही सायकल बनवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळलेला. हँगर तुटला की सायकल गेली, आणि सायकल गेली की भावोजी दिवसभर घरात. या दुसऱ्या संकटाची जाऊबाईंना जास्त धास्ती.

रविवारी दुरुस्तीसाठी भावोजींनी हॉलमध्ये सायकल उलटी ठेवली. हँगरच्या भोकात लांब दांडी पिळून बसवायची, ती चाकाभोवती फिरवायची आणि टोकापासून रिमपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजायचं. चारही सारखी आली की हँगर सरळ. वर चार मिलिमीटर, खाली नऊ. भावोजींनी वाकवलं. वर आठ, खाली पाच. पुन्हा वाकवलं. आता पुढचं-मागचं जुळेना.

“हँगर सहकार्य करत नाही,” भावोजींनी शेरा मारला.

“अहो, चाक डोलतंय की!” नातीच्या फ्रॉकला टाके घालता घालता जाऊबाई म्हणाल्या.

“तुला यातलं काय कळतंय?”

“मला बाह्या कळतात. दोन बाह्या मी एकाच टेपनं मोजते. तुम्ही दर वेळी रिमची वेगळी जागा धरताय. तो हवा भरायचा व्हॉल्व्ह आहे ना, तीच खूण धरा. दांडी जिथे न्याल, तिथे चाक फिरवून व्हॉल्व्ह आणा. दुकानदारांना काय सांगायचात? आधी माप तपासा, मग माल!”

भावोजींनी ऐकलं आणि चाक फिरवून व्हॉल्व्ह दांडीपाशी आणला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. व्हॉल्व्ह धरून मोजलं, तर फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा निघाला. त्यांनी श्वास रोखून दांडीवर जोर दिला. ‘टक्’ असा आवाज झाला. भावोजी पांढरेफटक पडले.

“दोरा तोडला मी,” जाऊबाई म्हणाल्या. “मोजा.”

चारही ठिकाणी सहा.

संध्याकाळी टेकडीचा चढ चढून आलेले भावोजी लिफ्टपाशी शेजाऱ्यांना सांगत होते, “माझी एक पद्धत आहे, व्हॉल्व्हची...”

“पद्धत नंतर,” दारातून जाऊबाई ओरडल्या. “आधी सायकल धरा. दोन्ही हातांनी!”