एका घराचा एकच आयडी

आधी मदत कुणी केली ते सांगतो, घडलं काय ते मागाहून. मदत केली मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं. अणदूरच्या पलीकडं, हायवेपासून थोडं आत, एका बाजाराच्या गावात त्याचं दुकान होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कुणाचंच लिहिणार नाही. गावात सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणतो. या माणसाला मी भर बाजारातून दंडाला धरून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच माझी नोकरी वाचवली. सेवेतली कितीतरी प्रकरणं आता आठवतही नाहीत. ते एक मात्र पाठ सोडत नाही.

मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या मुलखातला. नववीत शाळा सुटली. दहावी बाहेरून कशीबशी काढली आणि भरतीसाठी इतक्या लांब आलो, तेव्हा या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणायचे. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. इथं ना कुणी नात्याचं, ना पाठीशी. त्यामुळं नोकरीभर एक भीती पोटात असायची, की आपल्याला येत नाही हे कुणाला कळू नये. पंचनामे, जबाब, स्टेशन डायरी हाताने लिहायची होती तोवर निभलं. मग ठाण्यात संगणक आले, प्रत्येकाच्या हातात मोठे फोन आले. नवी पोरं भराभर एफआयआर ऑनलाइन भरायची आणि मी त्यांच्या मागं उभा राहून "हां, बरोबर" म्हणायचो. विचारलं असतं तर कुणीही शिकवलं असतं. मी विचारलं नाही.

त्या वेळी मी हवालदार होतो आणि ते गाव माझ्या बीटात होतं. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एक बाई आली, वय असेल पंचविशीचं, कडेवर वर्षाचं लेकरू. सोबत तिचा दीर.

"साहेब, माझे फोटू दुसऱ्याच्या फोनात निघाल्यात."

"कुणाच्या?"

"ढोकीला कारखान्यावर एक ट्रॅक्टरवाला हाय. न्हाय वळखीचा न्हाय पाळखीचा. माझा मामेभाऊ तिथंच असतो, त्यानं बघितले. चहाच्या टपरीवर सगळ्यास्नी दाखवत हुता म्हणं."

"कसले फोटो?"

तिनं दिराकडं बघितलं. दीर म्हणाला, "घरातलेच हायत. न्हाऊन केस वाळवताना, लेकराला पाजताना. तिनंच हौसेनं काढलेले. पण बाहेर कसे गेले, ह्ये बघा की."

बाई एकदम म्हणाली, "माझे मालक पुण्याला कंपनीत हायत. त्यांना अजून ठाव न्हाय. कळलं तर ते काय करतील, मला सांगता येत न्हाय."

फोन आणखी कुणाच्या हाती गेला होता का, एवढंच मी विचारलं. दिराकडं उत्तर तयार होतं. "गेला हुता की. डिस्प्ले टाकायला दोन दिवस त्या मिस्त्रीकडं. पॅटर्न बी त्याच्याजवळ. आता ती माणसं कशी असत्यात, तुमाला काय सांगायचं?"

मिस्त्री मुसलमान होता. 'ती माणसं' म्हणजे काय ते मला कळलं होतं. तिथंच दिराला दटावायला हवं होतं. मी मान डोलावली.

आता कायद्याचं सांगतो. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकानंच करायचा असतो, हवालदारानं नाही. आमचे मोठे साहेब दोन दिवस तुळजापूरला बंदोबस्तावर होते. मी तक्रार लिहून घ्यायची, साहेबांना फोन करायचा आणि पहिल्यांदा त्या ट्रॅक्टरवाल्याला बोलवायचं, हा सरळ रस्ता. पण फोटो फोनातून फोनात जातात कसे, हे साहेबांना सांगायची वेळ आली असती, आणि ते मला माहीत नव्हतं. माणूस धरणं मला येत होतं.

बाजाराचा दिवस होता. दुकानात गेलो तर काउंटरवर दहा-बारा फोन पडलेले. आमच्याकडं रीत अशी, की फोन दुरुस्तीला टाकला की मिस्त्री त्याच्या पाठीवर कागदी पट्टी चिकटवतो. तिच्यावर गिऱ्हाईकाचं नाव लिहितो आणि नऊ ठिपके काढून त्यातून पॅटर्नची रेघ ओढतो. सगळ्या गावाची कुलपं अशी उघडी मांडलेली. मला वाटलं, हाच पुरावा.

"चल ठाण्यात."

"काय झालं साहेब? गिऱ्हाईक बसलंय, धा मिनटात येतो की."

मी त्याला दंडाला धरून उठवलं, शटर ओढलं, चावी खिशात टाकली. बाजार बघत होता. भाजीवाल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय केलं वो ह्यानं, जमादार?"

तेव्हा मी म्हणालो, "बायांचे फोटो."

दोनच शब्द. चौकशी झालेली नाही, जबाब नाही, गुन्हा दाखल नाही, आणि मी बाजाराला निकाल देऊन मोकळा झालो.

ठाण्यात त्याला जमिनीवर बसवलं. नोटीस दिली नाही, स्टेशन डायरीत नोंद केली नाही. एकच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला. तो एकच उत्तर देत राहिला, "अल्ला कसम साहेब, म्या फकस्त डिस्प्ले टाकला. चालू झाला का बघितलं, दिला. माझ्या बी घरी बहिणी हायत." बहिणींचं नाव काढल्यावर मला उगाच राग आला आणि मी त्याच्या कानाखाली मारली. त्यानं हात वर केला नाही. टोपी पडली होती, ती उचलली, झटकली आणि मांडीवर ठेवली. ठाण्यात आणलेल्या संशयिताचा फोटो मी माझ्या फोनवर काढून ठेवायचो, तसा त्याचाही काढला.

संध्याकाळी घरी सोडताना म्हणालो, उद्या सकाळी हजर राहा. चावी माझ्याकडंच ठेवली.

तो दारातून मागं वळला. "साहेब, एक बोलू? त्या ट्रॅक्टरवाल्याला फोन घेऊन बोलवा. त्याचा फोन बघितल्याबिगर ह्ये कळायचं न्हाय."

जे मी सकाळी करायला हवं होतं, ते मार खाल्लेला माणूस मला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला आपणहून आला, बाईच्या मामेभावानं त्याला तक्रारीचं सांगितलं होतं. दाढी वाढलेला, कपड्यांना उसाची धूळ. बाई आणि दीर आधीच येऊन बसले होते. मी दरडावायच्या आत तोच भडाभडा बोलायला लागला.

"साहेब, माझी काय चूक न्हाय बघा. हंगामात कारखान्यावर एका पोराकडनं जुना फोन घेतला. तवापासनं ह्या ताईंचे फोटू आपोआप येत्यात. म्या पुसतो, दुसऱ्या दिशी नवीन हजर! बायकू म्हणती, कोण हाय ही? घरात दोन दिस भाकर न्हाय मिळाली मला. म्हणून टपरीवर लोकास्नी दाखवून विचारत हुतो, कुणी वळखता का हिला, म्हणजे बंद तरी करायला सांगता यील."

मिस्त्री कोपऱ्यात उभा होता. त्यानं बाईकडं न बघता हळू विचारलं, "ताई, तुमच्या फोनातले फोटू आपसूक जात्यात का?"

बाईचे डोळे भरले. "जात्यात की! लेकराच्या बारशाचे सगळे गेले. मला वाटलं, तुमी डिस्प्ले टाकताना पुसले."

"ह्यांनी ह्यांच्या फोनातनं पुसले, म्हणून तुमच्यातनं बी गेले," मिस्त्री म्हणाला.

त्यानं दोन्ही फोन मागून घेतले आणि सेटिंग उघडून माझ्यापुढं धरले. दोन्हींत एकच ईमेल आयडी. शेवटी दिराचं नाव आणि त्याचं जन्मसाल.

झालं होतं असं. घरात कॉलेजला गेलेला हा दीरच. पहिला फोन आला तेव्हा त्यानं एक आयडी काढला आणि नंतर घरात येईल त्या फोनला तोच टाकत गेला. आईचा, भावाचा, वहिनीचा, स्वतःचा. चूल एक तसा आयडी एक, प्रत्येकाला वेगळा कशाला, पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? एका आयडीवर असलेल्या फोनांची फोटोंची पेटी एकच होते. एकानं टाकलेलं सगळ्यांना दिसतं, एकानं पुसलेलं सगळ्यांचं जातं. घरातल्या घरात होतं तोवर कुणाला खटकलं नाही. मग दिरानं घरातला जुना फोन विकला, आणि तो हातोहात फिरत ढोकीच्या कारखान्यावर पोचला. कार्ड काढून घेतलं, पॅटर्न सांगितला. आयडी आतच राहिला.

दीर खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, सिम काढलं म्हंजे झालं."

बाई त्याच्याकडं वळली. "भावजी, काल हितं येऊन किती वरडत हुता तुमी." बस, एवढंच बोलली.

पडद्यावरच्या त्या आयडीचा फोटो पुराव्याला हवा म्हणून मी माझा फोन काढला. मिस्त्रीनं हात आडवा धरला.

"साहेब, तुमच्या फोनात कुणाचा आयडी हाय?"

"माझ्या पुतण्यानं गावाकडून पाठवला हा फोन. त्यानंच सगळं करून दिलंय."

त्यानं फोन मागितला, मी दिला. त्यानं थोडं खालीवर केलं आणि मला व्हरांड्यात नेलं, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या लांब.

"ह्या आयडीवर तीन फोन चालू हायत, साहेब."

तिथं, पुतण्याच्या नावाच्या त्या पेटीत, माझी सहा वर्षांची नोकरी पडली होती. विहिरीतून काढलेली प्रेतं. हायवेवरचे अपघात. मार खाऊन आलेल्या बायांच्या पाठी, ज्यांना मी म्हणालो होतो, ताई, हे कुणाला दिसणार नाही. आणि सगळ्यात वर कालचा फोटो, जमिनीवर बसलेला मिस्त्री, मांडीवर टोपी.

मी तिथूनच पुतण्याला फोन लावला. तो सहज म्हणाला, "काकाजी, ते त कवाचेच येऊन राह्यले ना. आई म्हने, पाहू नोको, काकाजीची नोकरीच तशी आहे." माझी भावजय सहा वर्षं हे बघत होती, आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती.

ज्या कामासाठी मी त्याला कानाखाली मारली, तेच मी सहा वर्षं करत होतो. माझ्याकडं तर त्याच्यासारखं निर्दोषपणही नव्हतं.

मिस्त्रीनं तिथंच व्हरांड्यात उभं राहून पुतण्याला फोनवर एकेक पायरी सांगितली. माझ्या नावाचा नवा आयडी काढला, जुना माझ्या फोनातून काढला, तिकडच्या फोनांतलं सगळं पुसून घेतलं. अर्धा तास लागला. एकदाही त्याचा आवाज चढला नाही. स्वतःचा तो फोटो पुसताना मात्र त्याचं बोट क्षणभर थांबलं.

दुपारी मोठे साहेब आले. त्यांनी मिस्त्रीला बघून विचारलं, "हा कोण? का आणलाय?"

नोटीस नाही, नोंद नाही, मारहाण, वर तपासाचे फोटो बाहेर. एक शब्द पुरे होता.

मिस्त्री म्हणाला, "काय न्हाय साहेब, फोन बघायला बोलावलं हुतं जमादारांनी. बघून झालं, निघालो."

मी चावी दिली. माफी मागितली नाही. साहेब समोर होते, असं तेव्हा मनाला सांगितलं. नंतर ते नव्हते तेव्हाही मागितली नाही.

प्रकरण मिटलं. ट्रॅक्टरवाल्यानं समोरच फोन साफ करून घेतला. बाईच्या नवऱ्याला काय घडलं ते साहेबांनी स्वतः फोन करून समजावलं, ती सुखानं घरी गेली. बारशाचे फोटो काही परत आले नाहीत. पण बाजारात मी बोललेले दोन शब्द तसेच राहिले. मिस्त्रीच्या दुकानात बाया यायच्या बंद झाल्या, मग त्यांचे नवरेही. दर आठवड्याला बाजारात माझी फेरी असायची. त्याच जागी उभं राहून 'हा माणूस निर्दोष आहे' एवढं म्हणायला काही लागलं नसतं. पण लोक विचारतील, मग चूक कुणाची, या भीतीनं मी गप्प राहिलो. काही महिन्यांनी शटर उघडायचं थांबलं.

हे वाचणाऱ्यांना कळकळीनं सांगतो. फोन विकताना नुसतं कार्ड काढू नका. आधी आयडी काढा, मग फोन पूर्ण साफ करा आणि मगच दुसऱ्याच्या हातात द्या. घरातल्या प्रत्येकाचा आयडी वेगळा ठेवा, मग चूल कितीही एक असो. आपल्या आयडीवर कोणकोणते फोन चालू आहेत याची यादी सेटिंगमध्ये दिसते, ती अधूनमधून बघा, अनोळखी असेल तो काढून टाका. दुरुस्तीला देताना पॅटर्न पट्टीवर काढू देऊ नका, समोर बसून स्वतः उघडून द्या. आणि येत नसेल तर विचारा, पोराला विचारा, शेजाऱ्याला विचारा. मला येत नव्हतं हा माझा गुन्हा नव्हता. ते झाकायला मी वर्दी वापरली, तो होता.

निवृत्तीनंतर मी गावी गेलो नाही, मुलांच्या शाळा इथं झाल्या, इथंच राहिलो. मिस्त्री आता जळकोटला हायवेकडेला छोट्या टपरीत बसतो. एसटी तिथं थांबते तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघतो. दोन वर्षं झाली असं करून.

मिस्त्री, हे तुमच्या वाचनात आलं तर ऐका. तुम्ही मला साहेबांसमोर वाचवलंत, ते उपकार फेडायचे राहिलेत. एका बाजाराच्या दिवशी मी तुम्हाला घेऊन त्या गावात येणार आहे, आणि जिथं मी ते दोन शब्द बोललो तिथंच उभा राहून, तेवढ्याच मोठ्यानं, चूक कुणाची होती ते सांगणार आहे. आधी टपरीवर येऊन तुमची माफी मागेन. तुम्ही नाही म्हणालात तर बाजारात एकटा जाईन.