एका खंडाला एक वाचक

जिथे बोलायला बंदी असते तिथेच किस्से जास्त साठतात, हे मी अनुभवानं सांगतोय. चहाच्या टपरीवर माणूस बोलून मोकळा होतो आणि विसरतो. आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे, त्यामुळे सगळं पोटात राहतं आणि फाटकाबाहेर आलं की बाहेर पडतं. माझं तर जास्तच, कारण मला एका जागी बसवत नाही. ऑफिस होतं तोवर हे धावपळीत खपून गेलं. रिटायर झालो, परळची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेतला, आणि थोड्याच दिवसांत बायको म्हणाली, "तुम्ही हॉलमधून बेडरूम आणि बेडरूममधून हॉल करताय, मला चक्कर येतेय. कुठेतरी जाऊन बसा हो."

म्हणून जाऊन बसलो. मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सोसायटीच्या तळमजल्यावर हे वाचनालय आहे. पुढच्या गाळ्यात कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि पेपर. मागच्या गाळ्यात एक लांब टेबल, एक लांब बाक आणि काचेच्या कपाटात कोश. आम्ही त्याला नुसतं कोश म्हणतो. शंभरेक वर्षांपूर्वी एका माणसानं एकट्यानं लिहिलेला. देव, देवळं, संत, राजे, किल्ले, लेणी, जत्रा, रूढी, जे दिसेल ते त्यानं अकारविल्हे लावून जाडजूड खंडांत भरलंय. पान जोरात उलटलं तर कडेचा तुकडा हातात येतो, पण आतलं अक्षर अजून ठणठणीत आहे.

कपाटाची किल्ली ग्रंथपाल मोहिते बाईंकडे. त्यांचे नियमही कोशाइतकेच जुने. कोश दाराबाहेर जाणार नाही. झेरॉक्स नाही, कारण पालथा दाबला की शिवण सुटते. आणि एका खंडाला एक वाचक. पूर्वी म्हणे दोघा अभ्यासकांनी एकच खंड दोन बाजूंनी ओढला होता, तेव्हापासून पहिल्याचं वाचून होईपर्यंत दुसऱ्यानं मान वाकडी करूनसुद्धा बघायचं नाही. मग तो कुणीही असो.

*

पहिल्याच दिवशी माझा पाय हलायला लागला. बाक एकसंध, त्यामुळे माझ्याबरोबर अख्खा बाक हलायला लागला. शेजारी कांबळे सर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी ओळी हलतच होत्या. मग त्यांनी शांतपणे माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि बाईंना हाक मारली.

बाई आल्या. मला वाटलं, आता बाहेर काढतात. त्यांनी कपाट उघडलं, सगळ्यांत जाड खंड काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, बाई, मला यातलं काहीच बघायचं नाहीये.

"बघू नका, साळवी. नुसता धरा."

पाय थांबला. पण मांडीवर एवढं ओझं घेऊन माणूस करणार काय? उघडला. असा मी कोशाचा वाचक झालो, आणि घरी बायकोला सांगितलं की अभ्यास करतोय.

*

कांबळे सर मूळचे परभणीकडचे, शाळेतून रिटायर झालेले. ते कोश वाचायला येत नाहीत, कोशकाराशी भांडायला येतात. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. मोठमोठ्या देवळांना पानंच्या पानं आणि बुद्धाच्या लेण्यांना चार ओळी, हा कुठला न्याय? सर बोट आपटत म्हणायचे, "अहो, काय लिहून ठेवलंय हे?" जणू तो माणूस समोरच बसलाय. बाई पाटीकडे बोट दाखवायच्या.

एकदा सर एका लेण्याच्या नोंदीवर तुटून पडायच्या तयारीत होते. वाचता वाचता आपटायला उचललेलं बोट हवेतच थांबलं. शेवटी कोशकारानं लिहिलं होतं की लेणे पाहण्यास गेलो, परंतु पाय मुरगळल्याने वर चढू शकलो नाही, सबब वरील मजकूर ऐकीव आहे. मग आम्ही बाकीचे खंड चाळले. प्रत्येक नोंदीच्या शेवटी त्यानं इमानेइतबारे लिहिलंय, 'स्वतः पाहिले' किंवा 'ऐकीव'.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चुकतो, पण खोटं बोलत नाही." दुसऱ्या दिवसापासून भांडण पुन्हा सुरू झालं, पण आता ते कोशकाराला 'अहो साहेब' म्हणायला लागले.

*

शहाभाईंचा किस्सा तर आमच्याकडे नवीन मेंबरला पहिल्याच दिवशी सांगतात. शहाभाईंनी दुकान मुलाच्या ताब्यात दिलंय, आणि दुपारी दुकानात झोपलेलं मुलाला चालत नाही. म्हणून ते रोज तिसरा खंड मागतात, उघडतात, त्यावर हात ठेवतात आणि झोपतात.

एका दुपारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत आले. व्हॉट्सॲपवर मेहुण्याशी एका किल्ल्यावरून जुंपली होती, आणि किल्ला नेमका तिसऱ्या खंडात. बाईंनी शहाभाईंकडे बोट केलं. सेक्रेटरी म्हणाले, अहो, ते झोपलेत.

"खंड त्यांच्याकडे आहे. त्यांचं वाचून होऊ दे."

सेक्रेटरी बसले. मोबाईल एकसारखा वाजत होता, मेहुणा एकेक पुरावा टाकत होता, आणि शहाभाई मस्त घोरत होते. मध्येच ते जागे झाले, सेक्रेटरी अर्धे उठले. शहाभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, "बस, एकच पानू," म्हणाले, पान उलटलं आणि पुन्हा झोपले. मेहुणा जिंकला.

*

आणि मग मुर्ध्याचे पाटील दादा आले. हा माणूस माझ्याहून अस्वस्थ! बाकावर टेकायचा, उठायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा. बाईंनी त्यांनाही मांडीवर खंड दिला, तर ते खंड घेऊनच उभे राहिले.

त्यांची गोष्ट अशी. मुर्ध्याच्या खाडीला एक जुना बांध आहे आणि बांधावर शेंदूर लावलेला एक दगड. ती बांधजाय. तिची पूजा पाटलांच्या घराकडे, पिढ्यान्‌पिढ्या. आता गावाच्या ट्रस्टनं त्याच जागी संगमरवरी देऊळ बांधायला घेतलं होतं. मधोमध एका मोठ्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या देवीची मूर्ती बसणार, आणि बांधजायला बाहेर, चपलांच्या स्टँडच्या बाजूचा कोपरा. ट्रस्टचा अध्यक्ष जगदीश, पाटील दादांचाच चुलतभाऊ. वाईट माणूस नाही. तो म्हणाला होता, दादा, टॉवरमधले लोक विचारतात ही कोण देवी, मी काय सांगू? कुठल्या पुस्तकात दाखव, मी स्वतः उचलून मधोमध बसवतो. मुदत चैत्रातल्या पालखीपर्यंत.

"आमची आई चपलांजवल बसल काय?" पाटील दादा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, आणि त्या दिवशी बाईंनी पाटीकडे बोट दाखवलं नाही.

आम्ही कामाला लागलो. बांधजाय नावानं शोधलं, नाही. मुर्धा काढलं, तिथे फक्त 'खाडी पाहा'. खाडी काढली, तिथे बराच मजकूर आणि शेवटी 'बंदर पाहा'. बंदर काढलं. तिथे लिहिलं होतं, 'खाडी पाहा'.

पाटील दादांनी खंड मिटला. "यो मानूस मना घुमवतंय," म्हणाले. कांबळे सरांना फार बरं वाटलं, भांडायला जोडीदार मिळाला.

*

चैत्र जवळ येत होता आणि आमची डोकी फिरत होती. देवी, जत्रा, दगड, शेंदूर, बांध, ग्रामदैवत, सगळं पाहून झालं. मला रात्री झोप लागेना. बायको म्हणाली, देवी त्यांची आणि फेऱ्या तुमच्या. तिला काय सांगू? इतकी वर्षं ऑफिसात कागद इकडून तिकडे केले, पण कशासाठी असा जीव कासावीस झाला नव्हता.

एका संध्याकाळी कांबळे सरांनी सहज विचारलं, "दादा, तिला नैवेद्य काय दाखवता?"

पाटील दादा म्हणाले, नैवेद्य कसला, मिठागरं होती तेव्हा हंगामाचं पहिलं मीठ तिच्यापुढे ओतायचं, मगच विकायला काढायचं. आता मिठागरं नाहीत तर ते घरातलीच मूठ ठेवतात.

सर म्हणाले, अहो, हे आधी का नाही सांगितलंत? इतके दिवस हा माणूस हे बोलला नव्हता. "त्यात काय सांगाचा? सगल्यांना म्हायती हाय," म्हणाले. त्यांच्या गावात खरंच सगळ्यांना माहीत होतं. इथे बाकावर कुणालाच नव्हतं.

बाईंनी म चा खंड काढला आणि पाटील दादांच्या हातात दिला. मीठ. आम्ही तिघं-चौघं वाकलो तशी बाईंनी मध्ये हात घातला. एका खंडाला एक वाचक. मी म्हटलं, बाई, निदान आज तरी! बाईंनी हात काढला नाही.

पाटील दादा बोट ठेवून सावकाश वाचणारे. त्यांनी नोंद पहिल्यापासून घेतली. बांध कसा घालतात, खाडीचं पाणी कसं घेतात, मीठ कसं ओढतात. मध्येच हसले, मध्येच मान हलवून "बरोबर" म्हणाले. मी टेबलाला फेऱ्या घालत होतो. सरांनी नख खाल्लं. शहाभाईसुद्धा जागे होते. पान उलटलं, आणखी एक उलटलं. बोट एका जागी थांबलं आणि तिथेच राहिलं.

मग त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले.

"हाय," म्हणाले.

त्यांचं झाल्यावर एकेकानं वाचलं. मुर्धे गावी बांधावर बांधजाय नामक देवी असून हंगामाचे पहिले मीठ तीस वाहतात, त्यापूर्वी कोणी विकीत नाही. आणि शेवटी, स्वतः पाहिले. सरांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, मानलं."

*

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पाटील दादांनी मोबाईलवर काढून नेलेला त्या पानाचा फोटो जगदीशनं मोठा करून बघितला आणि मोबाईल परत दिला. दादा, रागावू नको, पण असले फोटो आता कोणपण बनवतंय. ट्रस्टच्या लोकांसमोर पुस्तक ठेव, विषय संपला.

आम्ही बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, कोश बाहेर जाणार नाही. मी चिडलो. म्हटलं, अहो, एका दिवसाचा प्रश्न आहे, रिक्षानं नेतो, मांडीवर धरून नेतो, तुम्हीच तर मला धरायला शिकवलंत. एका माणसाची देवी चपलांजवळ जातेय आणि तुम्हाला शिवणीची पडलीय? बाईंचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या की अशाच एका दिवसासाठी गेलेला शेवटचा खंड परत आलेला नाही. कपाटात त्याची जागा त्यांनी अजून रिकामी ठेवलीय. मग ट्रस्टच्या लोकांनी इथे यावं, असं सर म्हणाले. पालखीच्या गडबडीत कोण येतोय?

पाटील दादा मात्र बाईंशी एका शब्दानं भांडले नाहीत. "नियम तं नियम," म्हणाले, आणि चप्पल घालून गेले. मी घरी जाऊन जेवलो नाही.

*

आज देवळात मधोमध कोण बसलंय ते मुर्ध्याला जाणाऱ्या कुणालाही दिसतं, त्यामुळे ते लपवत नाही. बांधजायच आहे. पण ते कसं घडलं ते आम्ही पाहिलंय.

पालखीच्या दिवशी आम्ही तोंडं पाडून बाकावर बसलो होतो. बँजोचा आवाज आला. पालखी गावातूनच फिरते, इकडे येत नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आवाज वाढत गेला आणि दाराशी येऊन थांबला. बाहेर रस्ताभर माणसं. पालखीच्या दांडीला एका बाजूनं जगदीश, कपाळभर गुलाल, चेहऱ्यावर काहीच न कळल्याचे भाव. पुढे पाटील दादा.

"बाई, पुस्तक भाईर येत न्हाय," ते म्हणाले. "म्हनून तिलाच घेऊन आलो."

मोहिते बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मला वाटलं, आता दार लावतात. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "चपला बाहेर. बँजो बंद."

पालखी दारातून आत येईना. पाटील दादांनी देवीचा पितळी मुखवटा दोन्ही हातांनी उचलला, आत आणला आणि उपरणं अंथरून टेबलावर ठेवला. मागून ट्रस्टची माणसं अनवाणी आत आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. बाईंनी कपाट उघडलं, म चा खंड काढला, मिठाचं पान उघडलं आणि मुखवट्यासमोर ठेवलं. इतकी शांतता त्या गाळ्यात मी कधी ऐकली नाही. माझा पायसुद्धा हलत नव्हता.

जगदीशनं खिशातून चष्मा काढला आणि वाचायला पुढे वाकला. बाईंनी मध्ये हात घातला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी त्यांचं वाचून होऊ दे."