बॅटरीवरचा लाल कागद

नात तीन महिन्यांची होत आली तरी ती कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. बघायची ती वर, छताच्या कोपऱ्यात, जिथे साधं जळमटही नाही. बाळंतपणाला आलेली माझी लेक म्हणायची, "तुझ्यासारखीच शिष्ट आहे, आई." मी हसून सोडून द्यायचे. डोस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मात्र ते सोडलं नाही. म्हणाले, एवढ्या वयाची मुलं लाल उजेडामागे डोळे फिरवतात. खोलीत अंधार करा, बॅटरीला लाल कागद लावा आणि अजिबात आवाज न करता ती तिच्यासमोरून इकडून तिकडे न्या. नजर मागे येते का बघा आणि आठ दिवसांनी परत या.

आवाज न करता! आमच्या घरात हे अवघडच होतं. दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला जिलेटिनचा कागद माळ्यावरून काढला, रबर लावून बॅटरीवर बसवला आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या फ्लॅटचे पडदे भर दुपारी ओढून घेतले. आधी मी बॅटरी फिरवली. नातीनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग लेकीच्या सासूबाईंनी, म्हणजे गंगापूरहून नातीला बघायला आलेल्या आमच्या विहीणबाईंनी, ती हातात घेतली आणि "ए माय, इकडं बघ की गं" असा गजर लावला. पोर लगेच वळली.

"अहो, बोलायचं नाही," मी म्हटलं.

"मुक्यानं लेकरू कोण खेळवतं व्हय?" त्यांनी मलाच ऐकवलं.

शेवटी लेकीनं बॅटरी घेतली. एक शब्द न बोलता तिनं तो लाल उजेड डावीकडून उजवीकडे नेला, आणि नातीची मान बरोबर त्याच्यामागे गेली. पुन्हा नेला, पुन्हा गेली. विहीणबाईंनी कडाकडा बोटं मोडली. "बघितलं का? समदं दिसतंय लेकराला. ह्या डॉक्टरांना काय कळतंय!" मला इतका आनंद झाला की मी उठून देवापुढे साखर ठेवली.

आणखी एकदा बघू म्हणून लेकीनं बॅटरी फिरवली आणि ती मध्येच विझली. सेल उतरले होते. लेकीचा हात मात्र ओघात पुढे गेला, आणि त्या विझलेल्या बॅटरीमागेही नातीची मान वळली. लेकीच्या हातात डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा होता. हात हलला की बांगड्या वाजत होत्या.

बांगड्या उतरवून बघ, एवढंच सांगायचं होतं. पण लेकुरवाळ्या लेकीला हातातल्या बांगड्या उतरव म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? नजर लागणं, अपशकुन होणं, सगळ्याची मी जन्मभर टिंगल केली, आणि आता माझीच जीभ उचलेना. स्वतःचा संताप आला. नवे सेल आले, रोज दुपारी पडदे ओढले जायला लागले, आणि मी भांडी घासायच्या निमित्तानं ओट्याशी उभी राहायला लागले. आतून विहीणबाईंची वाहवा ऐकू यायची.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी विहीणबाई गंगापूरला परतल्या. दुपारी लेकीनं पडदे ओढले आणि मला हाक मारली. नातीचं एक मऊ दुपटं तिनं बांगड्यांवरून घट्ट गुंडाळलं होतं. "आई, गाठ मार."

मी गाठ मारली. तिनं लाल उजेड नातीच्या डोळ्यांसमोरून अगदी सावकाश नेला. नात छताच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. उजेड परत आणला, अगदी जवळ धरला. तिचे ते मोठाले काळेभोर डोळे लाल झाले, पण हलले नाहीत.

"झोप आली असेल तिला," मी म्हणाले.

"नाही गं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बॅटरी विझली तेव्हाच."

"मग रोज कशाला फिरवत होतीस?"

"तुम्ही सगळे किती खूश होता."

तिनं दुपटं सोडलं आणि मनगट हलवलं. नात लगेच तिकडे वळून तोंडभर हसली. मग माझ्याकडे न बघताच लेकीनं विचारलं, "आई, उद्या डॉक्टरांनी बघायला सांगितलं तर बॅटरी मीच धरू का? ह्या बांगड्या घालून?"

मी हो म्हणाले.