म्हातारा, लाँड्रीवाली आणि आम्ही दोघं

माझा नवरा वडगावला जातो म्हणून सकाळी घरातून निघाला आणि दुपारी हुपरीत वारला. ही दोन गावं कोल्हापूरपासून दोन वेगळ्या दिशांना आहेत.

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं काम होतं. वडगावला एका गिऱ्हाइकाची मोटार बघायची होती. मी शाळेला निघायच्या गडबडीत होते, त्यानं डबा घेतला, पिशवी घेतली आणि जिना उतरला. दुपारी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला, अजून आले नाहीत म्हणून. त्यानंतर थोड्याच वेळानं हुपरीच्या दवाखान्यातून फोन आला. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच्या वस्तू मिळाल्या त्यात घड्याळ होतं, अवजारांची पिशवी होती, खिशात एसटीचं हुपरीचं तिकीट होतं आणि घडी घातलेली एक बायकी ओढणी होती. फिक्या जांभळ्या रंगाची, काठाला बारीक फुलं. दवाखान्यात कुणी बाई त्याला घेऊन आली होती, ती नाव न सांगताच निघून गेली, एवढंच कळलं.

ती ओढणी मी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवून दिली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, ती पाहिली होती. त्यांनी काही विचारलं नाही. तीन वर्षं आम्ही शिवाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत राहिलो, सकाळचा चहा बरोबर घेतला, त्याची वर्षश्राद्धं केली, पण तो हुपरीला कशाला गेला होता, हे दोघांपैकी एकानंही तोंडातून काढलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. काय ऐकावं लागेल याचा मी रोज वेगवेगळा अंदाज करायची. तेही करत असावेत.

मामांनी आयुष्यभर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. बोलायला फटकळ, आवाज मोठा. मुलगा गेल्यापासून मात्र घरात त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. पुण्याला शिकणारी माझी मुलगी सुट्टीला आली की या शांततेला घाबरायची. दिवाळीत तिनं टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि एक जपानी मालिका लावली. म्हणाली, "आजोबा, हे बघा. गुन्हे शोधतात, पण मारामारी नाही."

ती गेल्यावरही मालिका तशीच चालू राहिली. समुद्रकाठचं एक लहान गाव. तिथं पियानो दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि त्याच्या गल्लीत लाँड्री चालवणारी एक बाई. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. तो तासभर बोलत नाही आणि ही थांबत नाही. पण गावात काही विपरीत घडलं की पोलिसांना जे दिसत नाही ते हे दोघं मिळून शोधतात. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

"काय म्हणतीय ती?" मामा विचारायचे.

"म्हणतीय, शर्टाच्या कॉलरवर वंगणाचा डाग आहे, म्हणजे हा माणूस बोटीवर गेला होता."

"आणि म्हातारा?"

"तो काही म्हणाला नाही."

"श्याना हाय."

रोज दिवेलागणीनंतर एक भाग, असं ठरून गेलं. अक्षरं भराभर पळायची, माझं मराठी मागे पडायचं, मग मामा चिडायचे. पण ते चिडत होते हेच मला बरं वाटत होतं. स्वयंपाक करतानाही आमचं त्या दोघांवर बोलणं होऊ लागलं. कोण खोटं बोलतंय, लाँड्रीवालीला उगीच संशय येतोय का, असलं.

एका भागात एक बाई त्या दोघांकडे येते. तिचा नवरा बुडून मेलेला असतो आणि त्या दिवशी तो तिथं कशाला गेला होता एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. लाँड्रीवाली तिला म्हणते, नको शोधूस, माहीत नसलेलं बरं. मी वाचता वाचता थांबले. पडद्यावर ती बाई नुसती ओठ हलवत होती.

मामांनी विचारलं नाही, ती काय म्हणाली म्हणून. रिमोट घेऊन त्यांनी टीव्ही बंद केला.

"आपुन जायचं का हुपरीला?"

मी म्हटलं, "मामा, तिथं काहीही निघालं तर?"

"निघू दे. माझं पोरगं हुतं. जे असंल ते माझंच हाय."

पुढच्या रविवारी आम्ही बसनं गेलो. ओढणी मी धुतली नव्हती, तशीच पिशवीत घेतली. काढताना तिच्या टोकात अडकलेलं एक चांदीचं घुंगरू दिसलं. हुपरीत घरोघरी पैंजण बनतात, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण मला ते हातात धरवेना.

स्टँडसमोर एक चहाची गाडी होती. मामांनी चहा सांगितला आणि सरळच विचारलं, "तीन वर्षामागं हितं बसमधनं उतरून एक माणूस पडला हुता. ठावं हाय काय?"

चहावाल्यानं हातातली किटली खाली ठेवली. "ठावं हाय की पावणं. मीच रिक्षा थांबवलीवती. तुमी त्येंचं कोण?"

"बाप."

तो गाडीमागून बाहेर आला. मशिदीमागच्या गल्लीत घुंगरं जोडणाऱ्या एका बाईचं घर त्यानं सांगितलं. म्हणाला, ती त्यांच्याबरोबर बसमधून उतरली होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही चालत गेलो.

दार उघडंच होतं. माझ्याच वयाची एक बाई जमिनीवर पाटापाशी बसून चिमट्यानं पैंजणाला घुंगरं लावत होती. मी ओढणी पुढे धरली. तिनं चिमटा पाटावर ठेवला.

"माझी हाय," ती म्हणाली. मग मामांकडे बघून, "बाबा, तुमी त्येंचं वडील?"

तिनं आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि दारात उभी राहूनच सांगितलं. ती कोल्हापुरात माल पोचवून परत येत होती. बस सुटता सुटता तो चढला आणि तिच्या शेजारी टेकला.

"घामानं शर्ट चिकटलावता. कंडक्टरला वडगाव द्या म्हणाले. कंडक्टर म्हणला, पावणं, ही हुपरीची गाडी हाय, फुडच्या स्टॉपला उतरा. ते उठाय लागले, पण उठवंना. मीच हात धरला. म्हटलं, उतरू नगा, एकटं रस्त्यात पडशीला. हुपरीला डॉक्टर हाय, मी नेते. कंडक्टरला म्हटलं, त्येंनाबी हुपरीचंच द्या."

चुकीची बस. एवढंच होतं. तीन वर्षं मी छातीत जे बाळगलं होतं ते एका वाक्यात नाहीसं झालं, आणि त्या जागी काय ठेवायचं हे मला कळेना.

मामांनी विचारलं, "गाडीत काय बोलला काय?"

"छातीत आवळल्यागत हुतंय म्हणाले. घरी फोन करू का म्हटलं, तर नगं म्हणाले. घरात म्हातारा माणूस हाय, उगं घाबरंल, म्हणाले."

मामांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. ते टोपीवरून हात फिरवत राहिले.

बाई पुढे बोलत होती. स्टँडवर त्याला आडवं केलं तेव्हा तिनं ओढणीची घडी करून त्याच्या मानेखाली दिली. दवाखान्यात डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग कुणीतरी तिला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? पोलीस येतील, असंही कुणी म्हणालं. ती घाबरली आणि तशीच घरी आली.

"कोण म्हणून सांगू, ताई? नाव सुदीक ठावं न्हवतं." मग म्हणाली, "पर त्येंना उतरू दिलं असतं तर? कोल्हापुरातच हुतो की आपुन. मोठा दवाखाना तितंच जवळ. मी त्येंना बसवलं. रोज हे डोस्क्यात येतं."

तिच्या या प्रश्नाचं उत्तर मला आजही माहीत नाही. मी डॉक्टरांनाही विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही. मला तिचा हात धरावासा वाटला, पण मी हलले नाही.

मामाच बोलले. त्यांचा तो जुना, दुकानातला मोठा आवाज मी त्या खोलीत तीन वर्षांनी ऐकला.

"उतरला असता तर गटारीकडंला पडला असता. लोकं दारुड्या म्हणून वलांडून गेली असती. तुज्याजवळ गेला त्यो. कुणीतरी हात धरलावता त्येचा. पोरी, एवढं दिवस मला वाटत हुतं, माझं पोरगं एकटंच मेलं."

बाई तोंडावर पदर धरून रडायला लागली. मग मीही रडले. मामा रडले नाहीत. ते तिला म्हणाले, "च्या कर जरा." आणि तिनं केला. आम्ही तिघांनी तो घेतला. निघताना मी ओढणी तिच्या हातात दिली, ती तिनं घेतली. त्यानंतर ईदला ती एकदा आमच्याकडे येऊन गेली. मामांनी तिला कोपऱ्यापर्यंत सोडलं.

हुपरीहून परतलो त्या संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला. तिला बापाच्या तिकिटाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं, पण पोरींना घरातलं न बोललेलंही कळतं. आवाजावरून तिनं ओळखलं. "आई, काय झालंय?" मामा कधी फोनवर येत नाहीत, कानाला नीट ऐकू येत नाही म्हणतात. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ऐक," ते म्हणाले, "तुझा बा चुकून दुसऱ्याच गाडीत बसला हुता."

मी आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले. बाहेर मामा बोलत होते. कंडक्टर काय म्हणाला, बाईनं हात कसा धरला, काही न गाळता. नात मधेच काही विचारायची, ते थांबायचे, आणि मग जिथं सोडलं होतं तिथून परत सांगायला लागायचे.