अक्कांच्या खोलीतली एकच खुर्ची

बंगळूरात मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते, तेव्हा मैत्रिणीचा फोन आला... शैलाअक्का गेल्या. मूळच्या निपाणीकडच्या, इथं चामराजपेटेत सगळी हयात बायकांचा दवाखाना चालवलेल्या डॉक्टर. रिक्षातच मला रडू फुटलं. आमची ओळख एका दुपारची, पण ती दुपार मला जन्माला पुरली आहे.

त्या दुपारी समीर, माझा नवरा, बरोबर होता. दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं आणि मूल तेव्हा दोघांनाही नको होतं. त्यावर वाद नव्हता. वाद होता सासूबाईंवरून. त्या पुण्याहून राहायला आलेल्या, आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये झोपायच्या. त्यांना कळता कामा नये, ही समीरची अट. अक्कांच्या टेबलासमोर एकच खुर्ची, तीवर मी. तो उभ्यानंच म्हणाला, "गोळ्याच द्या डॉक्टर. घरच्या घरी होऊन जाईल."

"पेशंट तुम्ही काय?" अक्का म्हणाल्या. "नाही न्हवं? मग स्वल्प बाहेर थांबा."

सोनोग्राफीत गर्भ जागेवर असल्याचं पाहून, भाजी निवडावी तितक्या शांतपणे त्यांनी दोन्ही रस्ते समोर मांडले. गोळ्यांनी आत हत्यार जात नाही. पण काही तास जोराच्या कळा, रक्तस्राव, मग कित्येक दिवस थोडं थोडं अंगावरून जाणं, क्वचित काही आत राहिलं तर पुन्हा येणं. सक्शन, म्हणजे नळीनं ओढून गर्भाशय रिकामं करणं, काही मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. पण भूल द्यावी लागते आणि क्वचित गर्भाशयाला इजा होते.

"चांगलं कुठलं?"

"लवकर आलीस, दोन्ही चांगलीच की. तुझं घर कसं आहे ते सांग. कळ आली तर मोठ्यानं कण्हता येईल काय तिथं?"

भिंतीपलीकडे सासूबाई, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून पडलेली मी... सगळं डोळ्यांपुढं आलं.

"नाही येणार. सक्शन करा."

"सरी, तसंच करू. सही तुझीच लागते, त्याची नाही."

समीर धुमसत होता. घरी सासूबाईंना मीच सांगून टाकलं. त्यांनी तोंड फिरवलं, पण शेकायला गरम पाणी आणून दिलं.

परवा दवाखान्यात जाऊन आले. आता तिथं अक्कांची लेक बसते. म्हणाली, "आणखी एक खुर्ची घेऊ म्हणते. बरोबर आलेली माणसं रागावतात."

"घे की," मी म्हटलं. "पण बाहेर ठेव."