फ्रिजमधला परसरामचा खण

परसराम गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानातला फ्रिज पुसत होतो. कुरुंद्यात माझं कोल्ड्रिंकचं दुकान आहे. शेजारचा टपरीवाला पायऱ्या चढून आला आणि म्हणाला, "दत्ताभाऊ, पैलवान गेला. सकाळी जोर मारता मारता आडवा झाला तो उठलाच न्हाई." खरं सांगतो, पहिला विचार दुःखाचा नव्हता. मनात आलं, इथंही हा माझ्या आधी. उंचीत आधी, बाप होण्यात आधी, आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी हेही... मयताला माणसं एवढी, की पुढचं टोक मसणवट्यात आणि मागचं वसमतला. वसमत जरा जास्त झालं, पण रांग पेट्रोल पंपापर्यंत होती, कोणालाही विचारा. त्या रांगेत चालताना माझ्या मयताला किती येतील याचा मी हिशेब लावत होतो. बावीसच्या पुढं काही सरकेना.

परश्या शेजारच्या तांड्यावरचा. आठवीपासून आम्ही एका बाकावर. दहावीतच त्याचे दंड असे, की मास्तरांनी मारलं तर छडीच चार दिवस रजेवर जायची. माझे दंड सदऱ्यात शोधावे लागत. त्या साली गावात गालगुंडाची साथ आली. परश्या रोज माझ्या उशाशी बसून माझ्याच ताटातलं खायचा. त्याला काही झालं नाही. माझ्या गालावरची सूज मात्र चौथ्या दिवशी खाली उतरली, नको तिथं. आईनं लेप दिला आणि म्हणाली, कोणाला सांगू नको. मी आईचं ऐकलं. फार वर्षं ऐकलं.

पुढं तो हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायच्या कामाला लागला आणि संध्याकाळी जिमला जाऊ लागला. तिथल्या मास्तरनं त्याला कसल्याशा सुया सुरू केल्या. वर्षभरात माणूस असा फुगला, की शिंप्याला दंडाचं माप घ्यायला दोन टेपा जोडाव्या लागल्या. गावातली पोरं त्याच्यासोबत फोटो काढायची, फोटो मला काढायला लावायची. आमची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली. त्याची कविता, माझी सुमन. चार वर्षं दोन्ही घरांत पाळणा हलला नाही. दोघींना कुठल्या कुठल्या देवाला नेलं, कुठल्या कुठल्या झाडपाल्यावाल्याकडे नेलं. आम्हा दोघांना कोणी नेलं नाही. परश्याकडं बघून कोणाला शंका येणार? आणि माझ्याकडं बघायला कोणी थांबत नव्हतं.

परश्यानं त्यात आपली अक्कल चालवली. ताकद कमी पडत असेल म्हणून सुया दुप्पट केल्या. मग एका दुपारी दुकानात आला, क्रेटवर बसला आणि सोडा मागावा तसं सहज म्हणाला, "दत्त्या, अंडी सुपारीएवढी झाल्यात माही."

मी म्हणालो, "हळू बोल की, गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाइकाला न्हाईत का?" तो म्हणाला. "उद्या नांदेडला चाललो डॉक्टरकडं. तू बी चल. बसल्या बसल्या तुही बी तपासणी करून टाकू."

काहून गेलो, अजून सांगता येत नाही. त्याच्यापेक्षा माझा आकडा मोठा येईल, अशी हाव असावी. वीर्याच्या तपासणीत दोघांचाही आकडा एकच आला. शून्य. आयुष्यात पहिल्यांदा परश्याची आणि माझी बरोबरी झाली, आणि ती चारच दिवस टिकली. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोरच समजावलं. मेंदू खालच्या कारखान्याला हुकूम देतो. तयार हार्मोन बाहेरून येऊ लागलं, की मेंदू म्हणतो आता गरज काय, आणि हुकूम बंद करतो. कारखाना आक्रसतो, बीज बनत नाही. "जिमच्या सुया आजपासून बंद. मी देतो ती सुई हुकुमाचं काम करेल. महिने लागतील, आणि सगळ्यांचंच परत येतं असं नाही," ते म्हणाले. मग परश्याला बाहेर बसवून मला सांगितलं, "तुमचं वेगळं आहे. तुमचा मेंदू ओरडून ओरडून हुकूम देतोय, पण गालगुंडानंतर खाली ऐकायला कोणी उरलेलं नाही. ही सुई तुमच्या उपयोगाची नाही."

ज्यानं स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलं त्याला औषध, आणि मी फक्त अंथरुणावर पडलो होतो त्याला काही नाही. बाहेर आलो तर परश्या कागदांचा गठ्ठा घेऊन बाकावर बसलेला.

"काय म्हनले?"

"घोडा हाय म्हनले, घोडा," मी सांगितलं. त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की दवाखान्याच्या काचा हलल्या. माझा कागद घडी करून माझ्या खिशात घातला. घरी येऊन सुमनलाही मी घोड्याचीच गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून दोष तिच्या नावावर पडला, आणि मी तो तिथंच राहू दिला.

परश्याची औषधं थंड ठेवायची होती, आणि तांड्यावरची लाइट दिवसाआड रुसायची. माझ्याकडं इन्व्हर्टर. मग फ्रिजच्या दारातला वरचा खण त्याचा झाला. आठवड्यातून दोनदा यायचा, क्रेटांच्या मागं जाऊन पोटाची चिमूट धरून सुई घ्यायचा आणि लिंबू सोडा पिऊन जायचा. दंड उतरत चालले होते, चेहरा मात्र उजळत चालला होता. सहाव्या-सातव्या महिन्यात नांदेडहून कागद फडकवत आला, "दत्त्या, पोहून राहिलेत. थोडे हायेत, पण हायेत." मी त्याला मिठी मारली. आणि त्याच दुपारी, तो गेल्यावर, फ्रिजचं बटण बंद केलं. स्टुलावर बसून राहिलो. बाटल्यांवरचं दव ओघळताना बघत होतो. अर्धा तास असेल. मग उठून बटण लावलं, खणात हात घालून बघितला. सुया अजून गारच होत्या. त्या अर्ध्या तासात मी जे चिंतलं, ते इथंही लिहवत नाही.

दुर्गा झाली. बारशाला अख्खा तांडा आणि अर्धा गाव. सुमन ओसरीच्या कडेला उभी होती. पाळण्याजवळ तिला कोणी बोलावलं नव्हतं. कविता उठली आणि लेकरू पहिल्यांदा सुमनच्याच ओटीत दिलं. बायकांत कुजबुज सुरू झाली तसा परश्या उभा राहिला. "चार वर्षं तुमी माह्या बायकोला बोलले," तो म्हणाला. "खोट माह्यात व्हती. मी सुया घेतल्या, मी बरा झालो. आता कोनाला काय इचारायचं ते मला इचारा." एवढं बोलून तो माझ्याकडं बघत राहिला. मी पेढ्याकडं बघितलं. त्याच्या दंडांचा हेवा मी वीस वर्षं केला होता; त्या दिवशी कळलं, तो हेवा अगदीच किरकोळ होता.

तो जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. सोडा पिता पिता म्हणाला, "नांदेडचा तुहा कागद कुठं हाय?"

"कोनता?"

"ज्यात घोडा लिवलाय तो." हसला नाही. "दोन्ही कागद माह्याच हातात दिले व्हते रे. मी तवाच वाचला. वहिनीला मी न्हाई सांगनार. तूच सांग."

म्हणजे एवढी वर्षं त्याला ठाऊक होतं, आणि चकार शब्द नाही. गप्प राहण्यातही हा माणूस माझ्यापेक्षा वरचढ निघाला. मी लपवत होतो, तो सांभाळत होता.

तेराव्यानंतर मी तो कागद ट्रंकेतून काढला आणि फ्रिजच्या वरच्या खणात ठेवला. तोंडानं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. सुमन डबा घेऊन आली तेव्हा म्हणालो, वरच्या खणात बघ. तिनं उभ्यानंच वाचला. फ्रिजचं दार उघडंच, गार हवा पायांवर येत होती. मग कागद पुन्हा घडी केला आणि म्हणाली, "बारा वर्षं मी ऐकून घेतलं. मी कोनाला सांगायला जानार न्हाई. तुमी सांगा, आन् सगळ्याला सांगा."

म्हणून हे सगळ्यांना सांगतो आहे. परसरामला ज्या कामाला मिनिटभर लागलं, त्याला मला अख्खा लेख लागला.

सुमन माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. दुपारी दुकानात येऊन बसते मात्र. शाळा सुटली की दुर्गा येते, अर्धी बाटली कोल्ड्रिंक पिते आणि उरलेली उद्यासाठी म्हणून सुमनच्या हातात देते, "काकू, बाबाच्या खणात ठेवा." दुकान माझं, फ्रिज माझा, लाइट माझी, आणि खण त्याचा. सुमन उठते, दार उघडते. कोणता खण, हे तिनं त्या पोरीला एकदाही विचारलेलं नाही.